भिंतीच्या पायाशी चार इंच

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात भिंतीचा शत्रू एकच, पाणी. ते पावसात बाहेरून मारा करतं, खाडीकाठच्या जमिनीतून ओल होऊन वर चढतं आणि रोज लादी पुसताना घरच्याच बादलीतून भिंतीच्या बुडाशी लागतं. आज जिला आपण स्कर्टिंग म्हणतो ती भिंतीच्या बुडाची पट्टी या पाण्यापायी जन्मली. शोभा मागाहून आली.

कुडाच्या आणि मातीच्या घरांत जमीन सारवताना बायका शेणाचा हात वीतभर भिंतीवरही फिरवीत. वर चुना किंवा पांढरी माती, खाली सारवणाचा नाहीतर गेरूचा पट्टा. उडालेला चिखल त्यावर दिसत नसे आणि खराब झालेला भाग तेवढाच पुन्हा सारवता येई. दुरुस्ती सोपी असणं हा या पट्टीचा पहिला गुण, आणि माझ्या मते सर्वांत मोठा.

1853मध्ये आगगाडी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला. 1871मध्ये हीच लोहमार्गाची वाट रायचूरपर्यंत पोचली आणि त्या मार्गावरच्या शहाबादची फरशी लांबवर जाऊ लागली. फरशी आली तसा तिच्या कडेचा प्रश्नही आला. फरशी आणि गिलावा यांच्यात फट राहते, ती झाकायला भिंतीलगत त्याच दगडाची उभी पट्टी बसू लागली. कोब्याच्या जमिनीत गवंडी कोपऱ्याला गोलाई देऊन सिमेंटच भिंतीवर चढवीत. त्याला ते वाटा म्हणतात. गच्चीवर आजही वाटा करतात, कारण गोल कोपऱ्यात पाणी साचत नाही आणि केरसुणी नीट फिरते. चाळींत याच्या जोडीला भिंतीच्या खालच्या भागाला गडद ऑइलपेंट असे.

मुंबईत 1922मध्ये भारत टाइल्स ही कंपनी सुरू झाली. सिमेंटच्या रंगीत आणि मोझॅक लाद्या पुढे मध्यमवर्गाच्या घरांत रुळल्या. डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांत त्या अजून दिसतात. जमिनीला यंत्राने पॉलिश होई, पण स्कर्टिंग कामगार उकिडवा बसून हाताने घासे. त्या मेहनतीचा मला फार आदर वाटतो.

नंतर व्हिट्रिफाइड टाइल आली. दोन बाय दोन फुटांच्या एका टाइलमधून स्कर्टिंगच्या चार इंची जेमतेम सहा पट्ट्या निघतात.

आता घोडबंदर रोडच्या नमुना फ्लॅटांत एमडीएफची पांढरी, नक्षीदार पट्टी दिसते. लाकडी पट्टीची ही रीत युरोपातली. तिथे लाकडी जमिनीच्या कोरड्या खोल्यांत ती शोभते. एमडीएफ म्हणजे रेझिन घालून दाबलेला लाकडाच्या तंतूंचा लगदा. तो पाणी प्यायला की फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. 26 जुलै 2005च्या अतिवृष्टीत ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

नक्षीची हौस असेल तर ती छताजवळ पुरवा, तिथे बादली पोचत नाही. खाली दगड किंवा टाइलच लावा. गिलावा होण्याआधीच गवंड्याला सांगून पट्टी भिंतीच्या पातळीत बसवून घ्या, म्हणजे वरच्या कडेवर धूळ धरणार नाही. गिलावा झाल्यावर हे काम करायचं तर भिंत फोडावी लागते.