चिंधीचे वाण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा अध्यक्षाबाईंनी मलाही एक लेख लिहावयास सांगितले. मी तर गांगरूनच गेले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. हिशोबाची वही आणि किराण्याची यादी यांपलीकडे लिहिण्याचा सराव नाही. परंतु गेल्या संक्रांतीच्या वेळी आपल्या मंडळात जो वाद झाला, त्याने माझ्या मनात घर केले होते. त्याविषयीच चार शब्द लिहिते.

वाद होता हळदीकुंकवाच्या वाणाचा. दरवर्षी आपण बाजारातून प्लास्टिकच्या डब्या आणून लुटतो. या वर्षी मी सुचविले की, शिंप्याकडची कात्रणे आणि जाड कागद आणून आपणच बटवे व पाकिटे करावीत. पुष्कळ जणींना ते पटले. पण आमच्या शेजारच्या काकू एकदम उठून म्हणाल्या, "चिंध्या मी अंगावर घातल्या आहेत. त्या आता सवाष्णीच्या ओटीत कशा घालू?" आणि त्या बाहेर निघून गेल्या.

काकू १९७२ च्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांची आई खडी फोडावयास जाई. ठिगळाला ठिगळ जोडून शिवलेला एकच परकर त्यांना होता, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी ओलाच नेसावयाचा. हे मला मागाहून कळले. त्यांच्या बोलण्याचा मला प्रथम राग आला होता, तो हे ऐकून पार विरघळला. मात्र प्रश्न तसाच राहिला. चिंधी ही लाजेचीच वस्तू काय?

मला माझ्या आईची आठवण झाली. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा तालुक्याला. मुलीला एवढ्या लांब पाठवावयाचे नाही असे घरात ठरले आणि माझे दप्तर खुंटीवर गेले. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आईने माझ्या हाती एक वही ठेवली. भावांच्या जुन्या वह्यांतील कोरी पाने काढून तिने ती गोधडीच्या दोऱ्याने शिवली होती. वर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर तिच्या लग्नातल्या खणाच्या चोळीचा तुकडा. ती एवढेच म्हणाली, "शाळा सुटली, लिहिणं सोडू नको." त्या वहीत मी लिहिले फार थोडे. पण इतकी वर्षे ती माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे. विकत घेतलेली भेट मी इतकी जपली असती असे वाटत नाही.

भगिनींनो, चिंधीचे दान आपल्याला नवे नाही. कृष्णाचे बोट कापले तेव्हा द्रौपदीने आपले वस्त्र फाडून त्याची चिंधी बोटाला बांधली, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. परंतु त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट आपल्या डोंगरांतील लेण्यांनी पाहिली आहे. वेरूळला, अजिंठ्याला आणि आपल्या शहराच्या उत्तरेच्या टेकडीवरील लेण्यांत एके काळी बौद्ध भिक्षू राहत. त्यांच्या वस्त्राला चीवर म्हणतात. प्रारंभी भिक्षूंनी उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या टाकून दिलेल्या चिंध्या वेचावयाच्या, धुवावयाच्या आणि जोडून पांघरावयाच्या अशी रीत होती. अशा वस्त्राला पांसुकूल हे नाव आहे, म्हणजे धुळीतले. विनयपिटकात असे सांगितले आहे की, मगध देशातील भाताची खाचरे आणि त्यांचे बांध पाहून बुद्धांनी आनंदास विचारले, अशा आकाराचे चीवर तुला करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवले. आजही वर्षावास संपल्यावर चीवरदान होते, आणि नवे कापड असले तरी ते तुकडे करून बांधांसारखे जोडलेले असते. राजाच्या घरचे रेशीम ज्यांना मिळू शकले असते त्यांनी चिंधी आपणहून पत्करली. परिस्थितीने अंगावर लादलेली चिंधी वेगळी आणि आपल्या हाताने, आपल्या इच्छेने जोडलेली चिंधी वेगळी, हा भेद मला येथे उमगला.

आपल्या घरातही चिंधीचा मानपान होताच. पूर्वी बायकांचे लुगडे, पुरुषांचे धोतर व उपरणे ही वस्त्रे न शिवलेलीच असत. कात्रण निघे ते चोळीचे, बंडीचे आणि मुलांच्या अंगड्या-टोपड्यांचे. म्हणून चिंधी थोडी आणि तिची किंमत मोठी. विरलेल्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीत न मावलेल्याची कुंची, दुपटे आणि बाहुली. बाळाला पहिल्यांदा नव्या कोऱ्या कापडात न गुंडाळता आजीच्या मऊ लुगड्यात घेत, कारण पुष्कळ वेळा धुतलेले सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही. लेकीच्या लग्नात रुखवत मांडले जाई. त्यात रंगीत कागदांची फुले, मण्यांचे व चिंध्यांचे पोपट, तुकड्यातुकड्यांचे चौरंगाचे आसन हे सारे मुलीच्या हातचे असे. ते पाहून पाहुण्या मुलीच्या हाताची पारख करीत. पारख करणे मला आवडत नाही, पण मुलीच्या कलेचे ते एकच प्रदर्शन होते हेही खरे.

पुढे शिवणयंत्र आले. अमेरिकेत आयझॅक सिंगर याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. आपल्या देशात ते आल्यावर शिवलेले कपडे वाढले, कात्रणांचे ढीग वाढले, आणि शिवण हा बाईच्या कमाईचाही मार्ग झाला. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवण व हस्तकलाही शिकवीत. विधवा आणि गरजू स्त्रियांना आपल्या पायांवर उभे करण्याचे ते साधन होते. मंडळाच्या शिवणवर्गाकडे जो कोणी वेळ घालविण्याचे निमित्त म्हणून पाहतो, त्याने हा इतिहास ध्यानात घ्यावा.

आता कागदाकडे वळते. गेल्या श्रावणात आपली सहल खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनास गेली होती. दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा हे गाव लागते. तेथे हाताने कागद करतात. आपण अर्धा तास थांबलो आणि मी तर तोंडात बोट घालून पाहतच राहिले. कारण कोपऱ्यात ढीग होता तो कशाचा? चिंध्यांचा! पांढरी सुती कात्रणे निवडून, बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. तो लगदा पाण्याच्या हौदात कालवितात. कारागीर हौदात साचा बुडवितो आणि आडवा धरून हलकेच वर उचलतो. पाणी खाली गळते आणि साच्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ थर राहतो. तो थर उलटून थरावर थर रचावयाचे, दाबून पाणी काढावयाचे आणि वाळवावयाचे. शाई फुटू नये म्हणून जुन्या पद्धतीत कागदाला खळ लावीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. यालाच घोटीव कागद म्हणत.

म्हणजे, भगिनींनो, कागद ही मुळात चिंधीच! चीनच्या दरबारात इ. स. १०५ साली त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत मांडली. त्यात झाडाची साल, ताग, मासेमारीची जुनी जाळी यांच्याबरोबर जुन्या चिंध्याही होत्या. तेथून ही विद्या मध्य आशियात समरकंदास गेली आणि फिरत फिरत आपल्याकडे आली. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादेस हलविली, हे आपण शाळेत वेडेपणाचे उदाहरण म्हणून शिकलो. त्या लवाजम्याबरोबरच आपले पूर्वज येथे आले, असे कागजीपुऱ्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. राजधानी परत गेली, पण हातातली विद्या येथेच राहिली. पेशवाईच्या काळात दौलताबादी आणि जुन्नरी कागदाला मोठी मागणी असे. बादशाही फर्माने आणि पोथ्या यांना जो कागद लागे, तो अशा फाटक्या वस्त्रांतून जन्म घेई. कुणाच्या तरी अंगावरून उतरलेल्या चिंधीवर राजाची मोहोर उमटत असे!

मग हा धंदा बसला कसा? फ्रान्समध्ये लुई रॉबेर याने १७९९ साली कागद करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लाकडाचा लगदा वापरण्याची युक्ती निघाली. गिरणीचा कागद स्वस्त झाला, कचेऱ्यांत तोच आला आणि हातकागदाचे हौद कोरडे पडू लागले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्यास हातकागदाचे प्रयोग सुरू झाले. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. या प्रयत्नांनी ही कला जिवंत राहिली. कागजीपुऱ्यात मात्र जे काम एके काळी घरोघर चाले, ते आता मोजक्याच ठिकाणी उरले आहे.

एक गोष्ट तेथील कारागिराने सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुती चिंधीचा कागद चांगला केला तर शेकडो वर्षे टिकतो. लाकडाच्या स्वस्त कागदात लाकडातला एक घटक राहून जातो. तो हवा आणि उजेड लागून पिवळा पडतो आणि कागद ठिसूळ होतो. कपाटात अंथरलेले वर्तमानपत्र वर्षभरात कसे होते ते आपण पाहतोच.

सहलीवरून परतताना मी थोडे जाड कागद विकत आणले होते. तेच संक्रांतीच्या वादाचे मूळ ठरले! शेवटी मंडळाने बहुमताने हातच्या वाणाचा निर्णय केला. आपल्या शहराचे हिमरू कापड प्रसिद्धच आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून ते विणतात. त्याची थोडी कात्रणे मिळाली, बाकीची आपापल्या घरची. अकरा जणी, नऊ दुपारी, एकसष्ट बटवे आणि तेवढीच कागदाची पाकिटे, असा हिशोब मी ठेवला आहे. प्रत्येक पाकिटात तीळ घातले. काही बटव्यांची शिवण उसवली, तीन तर पुन्हा करावे लागले. हिमरू सुळसुळीत, त्याच्या कडा सुटतात, हे आपल्याला आधी ठाऊक नव्हते. आतून सुती अस्तर लावले आणि कडा दुमडून शिवल्या, तेव्हा ते जमले. पैसे डब्यांपेक्षा फार वाचले असेही नाही, कारण कागद आणि दोरा विकतच आणावा लागला. वेळेचा हिशोब धरला तर डब्याच स्वस्त पडल्या असत्या. पण त्या नऊ दुपारी ज्या गप्पा झाल्या, ज्या कधी न बोलणाऱ्या बोलल्या, त्याचा हिशोब कोणत्या वहीत मांडावा?

हळदीकुंकवाच्या दिवशी काकू आल्या. मी त्यांना म्हटले, "काकू, घेऊ नका वाटलं तर नका घेऊ. तुमचं बोलणं खोटं नव्हतं." त्यांनी बटवा उलटापालटा करून पाहिला, अस्तराची शिवण बोटाने तपासली आणि म्हणाल्या, "टाका जरा लांब पडलाय. पुढच्या वर्षी मला बोलाव." आणि कमरेला खोचून घेऊन गेल्या. त्या तो वापरतात की नाही हे मी विचारले नाही.

मला यातून एवढेच सांगावयाचे आहे. गरिबीतल्या ठिगळाचे कौतुक कोणी करू नये. ते ज्याने घातले त्यालाच त्याचे दुःख ठाऊक. वर्धा जिल्ह्यातील सिंधुताई सपकाळ यांचा जन्म १९४८ चा. नको असलेली मुलगी म्हणून लहानपणी त्यांना 'चिंधी' म्हणत. त्याच सिंधुताई पुढे शेकडो अनाथ मुलांच्या माई झाल्या आणि २०२१ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. टाकून देणारे कोण आणि उचलून जोडणारे कोण, यावर चिंधीची किंमत ठरते.

हा लेख लिहावयास मी आईची ती वही ट्रंकेतून काढली. पाने पिवळी पडून कडांनी मोडू लागली होती. गिरणीचाच कागद तो! खणाचा तुकडा मात्र जसाच्या तसा. मी जुनी पाने जपून एका पाकिटात ठेवली, कागजीपुऱ्याचे कागद दुमडून त्याच खणाच्या पुठ्ठ्यात गोधडीच्या दोऱ्याने शिवले, आणि पहिल्या पानावर हा लेख लिहिला. आई आज नाही. असती तर तिला वाचून दाखविला असता.

असो. कमी शिकलेल्या बाईचे हे लिहिणे आहे. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी. आणि येत्या संक्रांतीसाठी घरची कात्रणे आतापासून बाजूला ठेवावीत, ही विनंती. या वेळी टाका आखूड घालावयाचा आहे, काकू शिकविणार आहेत.