टाकून दिलेल्या वस्तूंचं घराणं

पोकेमॉनमध्ये किल्ल्यांचा जुडगाच प्राणी होऊन समोर आला की तक्रार ठरलेली असते: कल्पना संपल्या, म्हणून आता घरातल्या वस्तूंना डोळे चिकटवायला लागले. २०१३ साली ‘एक्स’ आणि ‘वाय’ या गेममधून क्लेफ्की आला तेव्हाही असंच झालं. मला ही टीका अन्यायाची वाटते. लोहचुंबकांचा मॅग्नेमाइट तर १९९६च्या पहिल्याच गेममध्ये होता, आणि या मंडळींचं कूळ त्याहून कितीतरी जुनं आहे.

शंभर वर्षं झालेल्या वस्तूत जीव येतो, अशी जपानी लोकसमजूत आहे. अशा वस्तूंना त्सुकुमोगामी म्हणतात. मुरोमाची काळात त्यांच्यावर एक चित्रकथाच रचली गेली. वर्षअखेरच्या साफसफाईत लोकांनी जुनी भांडीकुंडी, हत्यारं, सामानसुमान रस्त्यावर फेकलं. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि शेवटी गुराढोरांच्या पायदळी टाकलं, याचा वस्तूंना संताप आला. सूड घ्यायचं ठरलं. इचिरेन नावाची जपमाळ तेवढी ‘नको’ म्हणाली, तर बाकीच्यांनी तिला बडवून काढलं. मग वस्तूंचे राक्षस झाले. त्यांनी माणसांना छळलं, पुढे हरले, पस्तावले आणि त्याच जपमाळेला गुरू करून बुद्धत्वाला पोचले. फेकलेल्या सामानाच्या बाजूनं इतक्या मायेनं सांगितलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

चित्रकार तोरियामा सेकिएन यांनी १७८४ साली अशा वस्तूभुतांचं पुस्तकच काढलं. त्यात चिनीमातीच्या भांड्यांपासून घडलेला सेनापती आहे, आंधळ्या भिक्षूच्या रूपातली बिवा ही वीणाही आहे. एका डोळ्याची, एका पायावर उड्या मारणारी छत्री तर जपानमधली पोरंसोरंही ओळखतात. १९६०च्या दशकात मिझुकी शिगेरू यांच्या ‘गेगेगे नो कितारो’ या मांगानं योकाई, म्हणजे ही सगळी भुतावळ, नव्या पिढीच्या हाती दिली.

या कुळाची खूण सगळ्यात स्पष्ट दिसते ती २००२च्या बॅनेटमध्ये. टाकून दिलेली बाहुली मनात डूख धरून पोकेमॉन झाली आणि आपल्याला टाकणाऱ्या मुलाला शोधत फिरते. त्सुकुमोगामींचीच तक्रार, फक्त बाहुलीच्या तोंडी. आइस्क्रीमच्या कोनासारख्या व्हॅनिलाइटसाठी मात्र मी हे घराणं पुढे करणार नाही. वितळून जाणाऱ्या वस्तूला शंभरी कुठली?

पण २०१९च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मधला सिनिस्टी पाहा. कपात उरलेल्या गार चहात शिरलेलं हे एकाकी भूत. बहुतेक सिनिस्टी नकली कपात राहतात. अस्सल जुना कप असलेला क्वचितच सापडतो, आणि तो ओळखायचा कपाच्या बुडाशी असलेल्या शिक्क्यावरून. वस्तूचं वय आणि अस्सलपणा इतक्या बारकाईनं जपणाऱ्या माणसाच्या कल्पना संपल्या होत्या, हे मला पटत नाही.