किल्ली रद्द करायची, पण कधी? एस्टोनिया, २०१७

एन्क्रिप्शनची खासगी किल्ली चोरीला गेली तर ती लगेच रद्द करायची, हे आपल्याला माहीत असतं. पेच पडतो तो चोरीचा पुरावाच नसताना. २०१७ मध्ये एस्टोनियात हा पेच अर्ध्याहून अधिक देशाला पडला.

तिथल्या ओळखपत्राच्या चिपमध्ये नागरिकाच्या खासगी किल्ल्या असतात. त्यांनी डिजिटल सही करता येते, एन्क्रिप्ट केलेल्या फाइल उघडता येतात. झेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना इन्फिनिऑनच्या चिपवर बनणाऱ्या आरएसए किल्ल्यांमध्ये खोट सापडली. आरएसएसाठी दोन प्रचंड मूळ संख्या लागतात, आणि ही चिप त्या ठरावीक साच्यातूनच निवडत होती. म्हणजे नुसत्या सार्वजनिक किल्लीवरून खासगी किल्ली काढता येणार होती. अर्थात २०४८ बिटांच्या एका किल्लीला, फार तर, सुमारे १४० सीपीयू-वर्षं लागली असती.

ऑगस्टअखेर एस्टोनियाला हे कळलं. सुमारे साडेसात लाख कार्डं सदोष होती. पण सरकारने ती लगेच रद्द केली नाहीत. गैरवापराचं एकही उदाहरण नव्हतं, आणि बदली किल्ली द्यायची सोयही तयार नव्हती. सार्वजनिक किल्ल्यांची यादी तेवढी बंद केली. ऑक्टोबरअखेर नवी प्रमाणपत्रं ऑनलाइन मिळू लागली, त्याच सुमारास हल्ल्याची पद्धतही प्रसिद्ध झाली. मग ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून जुनी प्रमाणपत्रं स्थगित झाली.

मला यात दोन प्रश्न दिसतात: हल्ला आज किती सोपा आहे? आणि पर्याय हाताशी आहे का? दोन्हींची उत्तरं बदलली, तसा निर्णयही बदलला.

पण थांबण्याचीही किंमत असते. किल्ली रद्द केल्यावर तिने पुढे सह्या करणं रोखता येतं. जुनी एन्क्रिप्ट केलेली फाइल कुणी आधीच साठवून ठेवली असेल, तर तिथे रद्द करण्याचा काही उपयोग नाही.

संशोधनात मुलाखतींच्या फाइल एन्क्रिप्ट करणार असाल, तर किल्ली कधी रद्द करायची ते आजच लिहून ठेवा. जीएनयूपीजी २.१ पासून किल्लीसोबत रद्द करण्याचं प्रमाणपत्र आपोआप बनतं. ते वेगळ्या जागी ठेवा. आणि रद्द केलेली किल्ली पुसू नका, नाहीतर जुन्या फाइल तुम्हालाच उघडता येणार नाहीत.