चवदार तळ्याचा दावा : न्यायालयाने काय ठरवले आणि काय ठरवलेच नाही

चवदार तळे म्हटले की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या दिवशी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर या तळ्यावरून एक दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालला. त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. हा धागा त्या दाव्याविषयी.

आधी पार्श्वभूमी. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत अशी शिफारस केली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार ठरावही केला. हक्क कागदावर आला. पाणी मात्र हाती आले नाही. मार्चमध्ये लोक तळ्यावर गेले, तेव्हा परतणाऱ्यांना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याची गोमूत्राने ‘शुद्धी’ करण्यात आली. ऑगस्ट १९२७ मध्ये तर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह होणार हे ठरताच महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचे नाही अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषदेला जमलेला समुदाय हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होता. बाबासाहेबांनी मात्र सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि लोकांनी तो मानला. माझ्या मते त्या परिषदेतला सर्वांत अवघड निर्णय हाच होता. मनुस्मृतिदहनाच्या ज्वाळेपुढे तो झाकोळून गेला, एवढेच.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. मूळ दावा १९३१ मध्ये फेटाळला गेला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनीही वादींचे अपील फेटाळले. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. हा निकाल समतेच्या तत्त्वावर लागला, असा अनेकांचा समज असतो. तो तसा नाही. अलीकडच्या काळात अस्पृश्य त्या तळ्याचे पाणी भरत नव्हते, हे न्यायालयाने मान्यच केले. प्रश्न इतकाच होता की ही वहिवाट ‘अनादी’ म्हणण्याइतकी जुनी आहे काय? तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्यापूर्वी कुणाला अडवण्याचे कारण तरी काय असणार, अशी शंका न्यायालयाने घेतली. रूढीचे प्राचीनत्व सिद्ध झाले नाही म्हणून वादी हरले. मग अशी रूढी मुळातच अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय? त्याचा विचार करण्याची आता गरज नाही, असे म्हणून न्यायालयाने तो प्रश्न सोडून दिला.

म्हणजे जुने दस्तऐवज किंवा भक्कम साक्षी हाती असत्या तर? निकाल उलटा लागलाच असता असे नाही. पण एका समाजाचा पाण्याचा हक्क समोरच्याच्या पुराव्याच्या दुबळेपणावर टेकला होता, हे खरे.

हे ध्यानात ठेवून संविधान उघडा. अनुच्छेद १३ मध्ये ‘कायदा’ या शब्दाच्या व्याख्येतच कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठ येतात, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तितका असा कायदा शून्यवत ठरतो. रूढी जुनी किती, हा प्रश्नच उरत नाही. हजार वर्षांची असली तरी ती टिकत नाही. अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे ठाऊक असलेल्याला ते शब्द वाचताना महाड आठवणारच. शिवाय हे कलम आणि अस्पृश्यता नष्ट करणारे अनुच्छेद १७ केवळ सरकारला नव्हे, खासगी माणसालाही बांधतात. महाडचे वादी खासगी रहिवासीच होते.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, पुराव्याचा भारही हलवला. या कायद्याखालचा अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला, तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नाही हे आरोपीने दाखवायचे.

तरीही पाण्याचा खटला संपला नाही. कर्नाटकातील एका गावात दलितांना नव्या बोअरवेलचे पाणी घेण्यापासून धाक दाखवून अडवण्यात आले. उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले होते. डिसेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि दोषसिद्धी पुन्हा कायम केली. तेव्हा महाडला पासष्ट वर्षे उलटून गेली होती.