सूर्यप्रकाशाचे डोळ्यांवरील परिणाम

सूर्यप्रकाशात अतिनील, दृश्य व अवरक्त असे तीन प्रकारचे प्रारण असते. तरंगलांबीनुसार ते डोळ्याच्या वेगवेगळ्या भागांत शोषले जाते आणि त्यानुसार त्याचे परिणामही भिन्न असतात.

अतिनील किरण

अतिनील किरणांचे तीन पट्टे मानले जातात. १०० ते २८० नॅनोमीटरचे 'क' किरण वातावरणातच पूर्णपणे शोषले जातात. २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या 'ब' किरणांपैकी जे जमिनीपर्यंत पोहोचतात, ते मुख्यतः पारपटलात शोषले जातात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'अ' किरण प्रौढांमध्ये बहुतांशी नेत्रभिंग अडवते. मुलांचे भिंग अधिक पारदर्शक असल्याने यांतील अधिक भाग त्यांच्या दृष्टिपटलापर्यंत जातो.

ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परावर्तित करतो. त्यामुळे हिमाच्छादित पर्वतांवर उघड्या डोळ्यांनी वावरणाऱ्यांना हिमांधत्व येऊ शकते. हा पारपटलाचा दाह असून डोळ्यांत खुपणे, पाणी येणे व प्रकाश सहन न होणे ही लक्षणे काही तासांनी दिसतात; बहुधा एक-दोन दिवसांत ती ओसरतात. दीर्घकाळ उन्हात काम केल्यास मोतीबिंदू व डोळ्यात मांस वाढणे यांचा धोका वाढतो.

दृश्य प्रकाश

सूर्याकडे थेट पाहिल्यास दृष्टिपटलाच्या मध्यभागी प्रकाशरासायनिक इजा होते. दृष्टिपटलात वेदनेची संवेदना नसल्याने ही इजा होताना कळत नाही. नंतर नजरेच्या मध्यभागी काळा ठिपका किंवा अंधुकपणा जाणवतो. काही रुग्णांची दृष्टी कालांतराने सुधारते, तर काहींमध्ये दोष कायम राहतो. एरवी सूर्याची प्रखरता नजर वळवण्यास भाग पाडते. खंडग्रास ग्रहणात मात्र ती कमी भासते व धोका वाढतो. काजळी धरलेली काच, क्ष-किरण फिल्म व साधे गॉगल यांतून ग्रहण पाहणे असुरक्षित आहे.

लाभदायक परिणाम

घराबाहेरील प्रकाशात अधिक वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये निकटदृष्टिता उद्भवण्याचे प्रमाण कमी आढळते. सकाळचा प्रकाश दृष्टिपटलातील विशिष्ट पेशींमार्फत झोप व जागेपणाचे चक्र नियमित ठेवतो. यासाठी सूर्याकडे पाहण्याची गरज नसते.

संरक्षण

४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा चष्मा व रुंद काठाची टोपी उपयुक्त ठरते. काचेचा गडदपणा म्हणजे संरक्षण नव्हे. अतिनीलरोधक नसलेल्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली विस्फारते व अधिक किरण आत जाऊ शकतात. ग्रहण पाहण्यासाठी आयएसओ १२३१२-२ मानकाचे चष्मे वापरतात किंवा सूचिछिद्रातून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडतात.