कमावलेले कातडे : मोटेपासून पर्सपर्यंत

मराठीत माणूस पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडेही कमावतो. या तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, आणि मला ते अतिशय नेमके वाटते. जनावराच्या अंगावरून उतरते ते कातडे. ते दोन-चार दिवसांत कुजते. कमावल्यावर त्याचे चामडे होते आणि मग ते पन्नास वर्षेही टिकू शकते. या दोन शब्दांमधले अंतर पाण्याने, चुन्याने, झाडाच्या सालीने आणि माणसाच्या हातांनी भरून काढलेले असते.

आज आपण दुकानात पर्स किंवा हँडबॅग घेताना आतल्या कप्प्यात शिवलेली चिठ्ठी वाचतो. ‘जेन्युइन लेदर’ एवढे दोन शब्द दिसले की समाधान होते. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचा शेतकरी चिठ्ठी वाचत नव्हता, तो चामडे वाचत होता. ही वाचण्याची विद्या कुठून आली, कुणाच्या हातात होती आणि ती आपल्या हातून कशी सुटली, याचा माग मी या लेखात घेणार आहे.

मोट, पखाल आणि बुधला

आपल्याकडे चामड्याची सर्वांत मोठी पिशवी म्हणजे मोट. विहिरीवर नाडा आणि सोंदूर यांच्या आधाराने वरखाली होणारी सोंडेची मोट हे शेतकऱ्याच्या भांडवलातले महत्त्वाचे साधन होते. ती दिवसभर भिजायची, दगडावर घासायची, बैलांच्या ओढीचा ताण सोसायची आणि उन्हाळ्यात कोरडी पडून कडक व्हायची. अशा कामाला कोणते चामडे चालेल, हे ठरवण्याला आख्ख्या हंगामाचे पीक तारण होते. मोट भर उन्हात फाटली तर उभा ऊस वाळायचा.

दुसरी पिशवी पखाल. नळ येण्यापूर्वी शहरांत आणि छावण्यांत पखालीतूनच पाणी पोचत असे. तिसरा बुधला, म्हणजे तेल-तूप साठवण्याचे चामडी भांडे. तिघांच्या गरजा वेगळ्या. मोटेला ताण सोसणारे जाड चामडे हवे, पखालीला पाणी धरणारे पण लवचीक हवे, बुधल्याला आतून तेल पिऊन घट्ट झालेले हवे. म्हणजे ‘चांगले चामडे’ असे सरसकट काही नव्हते. अमुक कामाला चांगले, एवढेच होते. पर्स घेणाऱ्याने आजही पहिला धडा हाच घ्यावा.

वाद्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. तबल्याच्या पुडीला बकऱ्याचे पातळ, एकजीव कातडे लागते. तीच पुडी ताणून धरणाऱ्या वादीला मात्र म्हशीचे जाड चामडे. एकाच वाद्यावर दोन जनावरे, दोन गुण. आणि एक विसंगतीही: जे चामडे सोवळ्यात चालत नव्हते, तेच पखवाजावर चढून देवळाच्या सभामंडपात मानाने बसत होते.

साल, हिरडा, चुना

कातड्याचा मधला थर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. वरच्या बाजूला तंतू बारीक आणि दाट, खाली जाडे आणि मोकळे. केसांची मुळे असतात तो वरचा पापुद्रा सर्वांत घट्ट. झाडाच्या सालीतले तुरट द्रव्य या तंतूंना चिकटले की ते कुजत नाहीत. विज्ञानाने हे पुढे समजावून सांगितले. त्याआधी हजारो वर्षे हातांना ते माहीत होते.

महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाकडे होते. बाराव्या शतकातले शरण वीर कक्कय्या यांना हा समाज आपला संत मानतो. पद्धत अशी: कातडे चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, म्हणजे केस सुटतात. मग केस आणि आतले मांस खरवडायचे, चुना धुऊन काढायचा. त्यानंतर बाभळीची साल. मोठ्या जनावराचे कातडे कडेने शिवून त्याचीच पिशवी करायची, ती तिकाटण्याला टांगायची, आत सालीचा चुरा भरायचा आणि वरून सालीचे पाणी ओतायचे. ते पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात पडते; ते उचलून पुन्हा वर ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे दुसरे टोकही सारखे मुरते. म्हणजे मोट किंवा पखाल होण्याच्या आधीच ते कातडे एकदा पिशवी होऊन गेलेले असे.

बाभळीने चामडे लालसर आणि टणक होते, हिरड्याने पिवळट आणि उजळ. दोहोंचे प्रमाण हे कारागिराचे गुपित. सह्याद्रीतला हिरडा तर साता समुद्रापलीकडे गेला. इंग्लंडच्या चामडे बाजारात हिरड्याच्या प्रती हिंदुस्थानातल्या गावांच्या आणि बंदरांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि भीमली, जबलपूर यांच्या जोडीने त्यांत आपले वेंगुर्लेही होते.

या कामाला वेळ लागे आणि वास येई. त्या वासाची किंमत गावाने कारागिराकडूनच वसूल केली. मेलेले जनावर ओढणे महारांकडे, कमावणे ढोरांकडे, शिवणे चांभारांकडे, आणि तिघांचीही वस्ती गावाबाहेर. मोटेचे पाणी पिऊन वाढलेला ऊस गावात यायचा, मोट करणारा यायचा नाही. १९०३ साली जे. आर. मार्टिन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या चामडे उद्योगावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सरकारला या धंद्याची माहिती हवी होती, कारण जगात चामड्याला मागणी होती. आपल्या सुशिक्षितांना मात्र ही माहिती फार काळ हवीशी वाटली नाही.

क्रोम आले

१८५८ मध्ये फ्रीडरिश क्नाप या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावता येते, हे दाखवले. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झने त्याचे व्यवहारात चालणारे पेटंट घेतले. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे क्रोमला तास किंवा फार तर एखाद-दोन दिवस पुरू लागले. कमावलेले कातडे निळसर दिसते, ते मऊ आणि हलके असते, त्यावर हवा तो रंग चढतो आणि उकळत्या पाण्यालाही ते बरेच दाद देत नाही.

हिंदुस्थानात हे तंत्र रुजवण्याचे प्रयोग मद्रासमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटरटन यांनी केले. चेन्नईचे क्रोमपेट हे उपनगर आजही तिथल्या क्रोम लेदर कंपनीचे नाव वागवते. त्या आधीपासून मद्रासचा दुसरा व्यापार जोरात होता: तरवडाच्या सालीने अर्धवट कमावलेली कातडी लंडनला पाठवायची. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी सरकारने हा माल आपल्या ताब्यात घेतला, आणि १९१९ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवला.

मुंबईत हा धंदा धारावीत वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराने आपला वास शहराबाहेर ढकलला आणि तेव्हा शहराबाहेर म्हणजे माहीमच्या खाडीकाठची धारावी होती. तमिळ मुलखातले मुसलमान व्यापारी आणि कारागीर इथे आले, महाराष्ट्रातले चर्मकार आले. पुढे शहर धारावीच्या पलीकडे पसरले, कत्तलखाना बांद्र्याहून देवनारला गेला, कातडी कमावण्याचे कारखाने हळूहळू हलले. शिवणकाम मात्र राहिले. आज तिथे पर्स, पट्टे, पाकिटे शिवली जातात, पण त्यांचे बरेचसे चामडे बाहेरून कमावून येते.

क्रोमचा हिशेब पाण्यात चुकवावा लागला. तमिळनाडूतल्या पालार नदीच्या खोऱ्यात चामडे कारखान्यांच्या सांडपाण्याने विहिरी आणि शेते बिघडली. वेल्लोरच्या नागरिकांनी दाखल केलेल्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग म्हणून मान्य केले. साल निर्दोष असते असे नाही. तिच्याही सांडपाण्याने ओढे काळे होतात. पण क्रोमचे प्रमाण आणि वेग दोन्ही मोठे.

सोडावे की सुधारावे

गुणवत्तेचा इतिहास लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही: ज्यांच्याकडे ही विद्या होती त्यांनी ती जपावी की टाकावी? १९३०च्या दशकात गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवले. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांचेच कातडे घ्यायचे, ते शास्त्रीय रीतीने कमवायचे आणि या कामाला प्रतिष्ठा द्यायची, ही त्यामागची भूमिका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उलट बाजूने पाहिले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली ढोरे ओढणे सोडण्याची चळवळ महाराष्ट्रभर पसरली. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनात सुधारणा करणारे विधेयक मांडले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी त्याआधीच, १९१८ साली, ते वतन रद्द केले होते. जे काम जन्माने लादले जाते त्याला कौशल्य म्हणून गौरवणे म्हणजे बेडीला पॉलिश करणे, असे मला आंबेडकरी भूमिकेचे सार वाटते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही, हे देशाला दिसले.

माझ्या मते दोन्ही भूमिकांना जोडणारी एक गोष्ट राहून गेली. विद्या आणि सक्ती यांची फारकत झाली नाही. लोकांनी सक्ती टाकली, हे योग्यच झाले; पण त्यांच्याबरोबर विद्या गेली तेव्हा ती घ्यायला गावातले दुसरे कुणी पुढे आले नाही. पत्र्याची मोट आली, मग इंजिन आणि पंप आले, आणि शेतकऱ्याला चामडे वाचण्याची गरजच उरली नाही.

पर्स हातात घेतल्यावर

एकोणिसाव्या शतकात आणखी एक यंत्र आले, ते कातडे पोळीसारखे आडवे चिरणारे. त्यामुळे एका जाड कातड्यातून दोन-तीन थर निघू लागले. आजच्या ‘लेदर’ या शब्दाखाली जी गल्लत होते, तिचे मूळ इथे आहे. वरचा पापुद्रा जसाच्या तसा ठेवला तर ते फुल ग्रेन. त्यावरचे डाग, ओरखडे घासून काढून वर रंगाचा लेप आणि छापील नक्षी दिली तर ते करेक्टेड ग्रेन. खालचा मोकळ्या तंतूंचा थर म्हणजे स्प्लिट. तो उसवून मखमली केला की स्वेड होते, वर प्लॅस्टिकचा थर चढवला की गुळगुळीत पर्स. चामड्याचा भुगा चिकटवून केलेले बाँडेड लेदर तर जेमतेम नावापुरते. ‘जेन्युइन लेदर’ ही चिठ्ठी बहुतेक वेळा इतकेच सांगते की हे जनावराचेच आहे. कोणता थर, ते सांगत नाही.

आणि रेक्झिन? ते मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या मालाचे नाव: कापडावर लेप दिलेले नकली चामडे. पुढे पीव्हीसी आणि पीयू आले. आज ‘व्हेगन लेदर’ म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी पीयूच असते.

मग पाहायचे काय? नजर आधी कडेवर न्यावी. कापलेल्या कडेला तंतू दिसले तर चामडे. कापड आणि वर पातळ पापुद्रा दिसला तर लेप. पृष्ठभागावरची रोमरंध्रे निसर्गतः असमान असतात. नक्षी सगळीकडे शिक्का मारल्यासारखी सारखी असेल तर शंका घ्यावी. चामडे दुमडावे: चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर बऱ्याचशा विरतात, लेप मात्र तडकतो किंवा फुगतो. बोटाने दाबून पाहावे. पाठीचा भाग घट्ट, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. पर्सचा पट्टा पोटाच्या चामड्याचा असेल तर तो वर्षभरात लांबतो. सालीने कमावलेले चामडे पाण्याचा थेंब पिऊन गडद होते आणि वापराने त्याला मधासारखा रंग चढतो. क्रोमचे बरेचसे तसेच राहते. रोज पावसात, लोकलमध्ये न्यायची पर्स असेल तर क्रोमचे चामडे अधिक सोयीचे; वर्षानुवर्षे सांभाळायची असेल तर सालीचे.

लहानसा डाग दिसला म्हणून पर्स परत करू नये. गोचिडीचा चावा, काट्याचा ओरखडा, जुवाचा घट्टा या खुणा वरचा पापुद्रा शाबूत असल्याची साक्ष असतात. त्या घासून बुजवण्यातच चामडे दुबळे होते. ‘आजार हल्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण आपल्या खरेदीला फार लागू पडते: आपण चमक आणि बक्कल तपासतो, दुखणे असते चामड्यात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीने मिलानच्या सोहळ्यात तशाच घडणीची पादत्राणे नावाविना मांडली. ओरड झाल्यावर हिंदुस्थानी कारागिरीचे ऋण मान्य केले. या वादात आपण सगळे कारागिराच्या बाजूने बोललो. पण कोल्हापुरी जोडीवर घासाघीस करणारे आणि परदेशी पर्सची किंमत मुकाट मोजणारे गिऱ्हाईकही आपणच आहोत. सालीत आठवडे मुरलेल्या चामड्याला तासाभरात चढवलेल्या लेपाच्या भावात मागितले, तर कारागीर लेपच देणार.

या दिवाळीत कुणी चामड्याची पर्स घेणार असेल, तर दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: चामडे कोणत्या जनावराचे, कोणता थर, आणि कशाने कमावलेले? पुष्कळ दुकानांत उत्तर मिळणार नाही. जिथे मिळेल तिथे चौथा प्रश्न विचारावा, हे कुणी कमावले, आणि त्याला त्यातून किती मिळाले.