बाँब, टॉर्पेडो आणि ज्वालामुखी: पहिलं बुडालेलं जहाज कसं निवडायचं?

आज एका अशा जहाजाची गोष्ट, ज्याला टॉर्पेडो लागला 1942 मध्ये, पण ते पुरतं पाण्याखाली गेलं 1963 मध्ये. मधली 21 वर्षं ते चक्क किनाऱ्यावर पडून होतं. जहाजाचं नाव लिबर्टी. गाव तुलांबेन, बेट बाली.

ही गोष्ट आत्ताच का, तर माझा स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स नुकताच झालाय आणि बडीबरोबर पहिल्या 'रेक' ट्रिपचं प्लॅनिंग चालू आहे. रेक म्हणजे समुद्रात बुडून पडलेलं जहाज. पाणी कोमट हवं, म्हणजे जाडजूड सूट घालावा लागू नये, एवढीच आमची अट होती. यादीत तीन नावं आली: श्रीलंकेजवळचं हर्मिस, इजिप्तच्या तांबड्या समुद्रातलं थिसलगॉर्म आणि बालीचं लिबर्टी. तिन्ही दुसऱ्या महायुद्धातली, सहा-सात महिन्यांच्या अंतरात गेलेली. फोटो बघून निवडायला बसलो असतो तर आजही भांडत असतो. निवड झाली ती तिघांचा इतिहास वाचल्यावर. जहाज कसं बुडालं यावर ते किती खोल आहे हे ठरतं, आणि किती खोल आहे यावर आपण तिथं जायचं की नाही हे ठरतं.

आधी थोडं गणित. ओपन वॉटर कार्डावर मर्यादा असते 18 मीटरची. पुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स केला की 30 मीटर. हौशी डायव्हिंगची शेवटची सीमा 40 मीटर. पाण्यात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट, आणि सिलिंडरमधली हवाही चौपट वेगानं संपते. वर खोलीबरोबर रक्तात आणि पेशींत नायट्रोजन जास्त विरघळतो. पॅडीच्या टेबलप्रमाणे पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर 56 मिनिटं मिळतात, 30 मीटरवर फक्त 20. त्याहून जास्त थांबलात तर सरळ वर येता येत नाही, वाटेत थांबे घ्यावे लागतात. ते शिक्षण वेगळं, आणि आमच्याकडे ते नाही.

आता पहिलं नाव, हर्मिस. विमानवाहू म्हणूनच आराखडा करून बांधायला घेतलेलं हे जगातलं पहिलं जहाज, ब्रिटिश नौदलाचं. 9 एप्रिल 1942 ला ते त्रिंकोमाली सोडून बाहेर पडलं होतं आणि डेकवर स्वतःची विमानंच नव्हती. बट्टिकलोआजवळ जपानी विमानवाहू ताफ्याच्या बाँबफेकी विमानांनी त्याला गाठलं. 307 जण गेले. उघड्या समुद्रात जिथं बाँब लागले तिथंच ते तळाला गेलं, आणि तिथला तळ पन्नास मीटरपेक्षा खोल आहे. भारतातून सगळ्यात जवळचं हेच, तिकीटही स्वस्त. पण आमच्या कार्डाच्या जवळजवळ तिप्पट खोलीवर. शिवाय ती 307 माणसांची कबर आहे. तिथं शिकाऊ माणसानं धडपडत जायचं नसतं. नाव कटलं.

दुसरं थिसलगॉर्म. यावर बडीचा जीव अडकलेला. ब्रिटिश मालवाहू जहाज. उत्तर आफ्रिकेतल्या सैन्यासाठी ट्रक, मोटरसायकली, रायफली, रबरी बूट, दारूगोळा आणि डेकवर रेल्वेची वाफेची दोन इंजिनं घेऊन निघालेलं. भूमध्य समुद्रातून जाणं धोक्याचं, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आलेलं. सुएझच्या वाटेवर नांगर टाकून उभं असताना 6 ऑक्टोबर 1941 च्या पहाटे जर्मन विमानांनी बाँब टाकले, दारूगोळा पेटला, जहाजाचा मागचा भाग फुटला. 9 जण गेले. नांगरलेलं होतं, म्हणून फार खोल नाही: तळ साधारण 30 मीटरवर आणि ते जवळजवळ सरळ बसलेलं. पुढे 1950 च्या दशकात कूस्तोच्या टीमनं ते शोधलं.

मोह कुठं होतो बघा. त्याचे वरचे भाग 18 मीटरच्या आत आहेत. म्हणजे कागदावर आपण जाऊ शकतो. पण ज्या मोटरसायकलींचे फोटो बघून आपण वेडे होतो, त्या आहेत जहाजाच्या पोटात, मालाच्या कप्प्यांमध्ये. डोक्यावर लोखंड, म्हणजे अडचण आली तर सरळ वर जायचा रस्ता बंद. पायाचा एक चुकीचा फटका आणि गाळ उठून समोरचा हात दिसेनासा होतो. त्या जागी प्रवाहही जोरदार असतो आणि बोटीवरून दोरी धरून उतरावं लागतं. दहा-बारा डाइव्ह झालेल्या माणसानं तिथं जायचं म्हणजे मुख्य गोष्ट बाहेरून बघून परत यायचं, नाहीतर नियम मोडायचा. बडीला म्हटलं, "अरे, ते ऐंशी वर्षं तिथंच आहे. आपण ॲडव्हान्स्ड करून जाऊ." दोन दिवस बोलला नाही, मग पटलं.

राहिलं लिबर्टी. एक गैरसमज आधीच दूर करू. महायुद्धात अमेरिकेनं एकाच नमुन्याची 2,700 हून जास्त मालवाहू जहाजं झपाट्यानं बांधली, त्यांना लिबर्टी शिप म्हणतात. हे त्यातलं नव्हे. हे बांधलं 1918 मध्ये न्यू जर्सीत, आणि लिबर्टी हे त्याचं स्वतःचं नाव. जानेवारी 1942 मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून फिलिपिन्सकडे रेल्वेचे सुटे भाग आणि रबर घेऊन चाललं होतं. 11 जानेवारीला लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडी आय-166 नं टॉर्पेडो मारला. जहाज लगेच बुडालं नाही. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला दोरानं ओढत बालीच्या उत्तरेकडच्या सिंगराजा बंदराकडे निघाल्या. पण आत पाणी भरत होतं, बंदर गाठणं अशक्य दिसलं. मग निदान माल तरी वाचावा म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर त्याला चढवलं.

तिथंच ते 1963 पर्यंत पडलं. त्या वर्षी मागचा आगुंग ज्वालामुखी फुटला. हजाराहून जास्त माणसं मेली, पूर्व बालीतली गावं उद्ध्वस्त झाली. त्याच हादऱ्यांनी जहाज किनाऱ्यावरून घसरलं आणि उतारावर एका कुशीवर आडवं झालं, किनाऱ्याला समांतर, अवघ्या तीसेक मीटरवर. सव्वाशे मीटर लांबीच्या या जहाजाचा वरचा भाग पाण्याखाली साधारण पाच मीटरवर आहे आणि खालची कड तीसच्या आसपास. युद्धात ते ओढत आणलं म्हणून किनाऱ्यापाशी आहे, आणि डोंगर फुटला म्हणून पाण्यात आहे. नव्या डायव्हरला चालत जाऊन बघता येईल असं हे जहाज हजार माणसांना मारणाऱ्या संकटातून मिळालंय, हे तिथं उतरताना मला आठवायचंय. आज त्याच किनाऱ्यावर गावातल्या बायका डोक्यावर सिलिंडर ठेवून गोल काळ्या दगडांवरून चालतात. गावाचं पोट बऱ्याच अंशी या जहाजावर चालतं.

मग आमचा प्लॅन असा. विमानतळावरून तुलांबेनला गाडीनं अडीच-तीन तास, म्हणून पहिल्या दिवशी डाइव्ह नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोरल गार्डनमध्ये उथळ पाण्यात वजन आणि तरंगणं जमतंय का ते बघायचं. गंजलेल्या पत्र्याजवळ शरीर स्थिर ठेवता येत नसेल तर कापून घ्याल, आणि प्रवाळही मोडाल. ते जमलं तरच तिसऱ्या दिवशी जहाज: पहिली डाइव्ह 12 मीटरपर्यंत, दुसरी 18. जहाज इतकं फुटलेलं आहे की बाहेरूनच आतलं बरंच दिसतं, त्यामुळे आत शिरायचं नाही हे आधीच ठरलंय. पहाटे लवकर उतरायचं, कारण कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे तेव्हा तिथं असतात आणि गर्दी कमी असते. प्रत्येक डाइव्हनंतर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत किमान 18 तास. आम्ही पूर्ण दिवस धरलाय. हाच नियम डोंगरालाही लागतो: किंतामणीचा घाट जवळजवळ 1500 मीटर उंचीवर जातो, म्हणून डाइव्हच्या दिवशी तो रस्ता बाद. आणि आगुंग अजून जिवंत आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता. म्हणून डायव्हिंगचा विमा वेगळा, परतीनंतर दोन दिवस सुट्टी शिल्लक, आणि निघायच्या आधी ज्वालामुखीची बातमी बघायची.

तुम्हीही अशी ट्रिप ठरवत असाल तर पॅकेजचा भाव विचारायच्या आधी दोन प्रश्न विचारा: हे जहाज कसं बुडालं, आणि त्यात किती माणसं गेली? तारकर्लीत कोर्स केलेला असो की अंदमानात, उत्तरं मिळाली की तिथं आत्ता जायचं की दोन वर्षांनी, हे तुमचं तुम्हालाच कळेल. तुमच्या यादीतलं जहाज मला कळवा, त्याचीही गोष्ट शोधू. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!